पदरमोड

कौनासमध्ये, चौथ्या मजल्यावर,
बटाट्याची सालं बाजूला सारून
मी स्वयंपाकाच्या टेबलावर तबकड्या भाजते.
लोक जाळणं म्हणतात. मला भाजणं बरं वाटतं.
एका वेळी एक, वीस मिनिटं.
मध्येच वरच्या बाईंनी कपड्यांचं मशीन लावलं
की दिवा मिचमिचतो, आणि तबकडी गेली.
पाचातली एक जातेच.
गेलेल्या नणंदेकडे पाठवते.
ती त्या चेरीच्या झाडाला दोऱ्यानं टांगते,
साळुंक्या दोन दिवस बिचकतात.

रिमविदास म्हणतो, किंमत लावू नकोस.
प्रोग्राम मोकळा आहे. ज्याला हवा त्यानं न्यावा,
उघडावा, बिघडवावा, सुधारावा, पुढे द्यावा.
मी म्हणते, प्रोग्राम मोकळा आहे रे,
पाकीट नाही.

ही वही बघ:
कोरी तबकडी, दोन लितास.
वाया गेलेलीचा वाटा, पन्नास सेंट.
पुठ्ठ्याचं पाकीट, साठ.
टपाल, एक सत्तर.
झाले चार ऐंशी. आपण घेतो पाच.
उरलेल्या वीस सेंटांना तू नफा म्हणतोस
आणि वर लाजतोस.
विजेला रकाना नाही.
माझ्या संध्याकाळींना तर नाहीच.

सात वर्षं यानं शब्द गोळा केले
ट्रॉलीबसच्या तिकिटांच्या पाठीवर,
आमच्या भाषेतली टिंबवाली, शेपटीवाली अक्षरं
यंत्राला ओळखता यावीत म्हणून.
यंत्राला त्याआधी आमचं आडनावही
चुकीचं वाटायचं.

ऑक्टोबरात त्याचा एक जुना विद्यार्थी
हाम्बुर्गहून खोका घेऊन आला.
चकचकीत, सहा तबकड्या, विटेएवढं पुस्तक,
एकोणनव्वद मार्क.
तिसऱ्या तबकडीत, फोल्डरच्या आत फोल्डरच्या आत,
याचा अख्खा कोश.
पत्र नाही, पैसा नाही.
नियमानं लागतही नाही, नियम यानंच निवडलेला.
एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत याचं नाव होतं,
त्यावर बोट ठेवून हा हसत बसला,
लेकराचा पहिला दात दाखवावा तसा.

आयत्या बिळावर नागोबा, मी म्हटलं.
तो म्हणाला, त्या बिळाला भाडं असतं, दांगुओले.
गोदाम आहे, छापखाना आहे,
फोनवर दिवसभर शिव्या ऐकणारी एक मुलगी आहे,
दुकानांतून परत आलेले खोके आहेत.
त्यांनाही टपाल पडतंच.
पडत असेल.
पण त्यांच्या वहीत संध्याकाळींना रकाना असतो,
पगार म्हणतात त्याला.

मग झारासायहून एका शिक्षिकेचं पत्र आलं,
सोबत वाळवलेल्या अळंब्यांची माळ.
'तुमची एक तबकडी मी अकरा शाळांत उतरवून दिली.
चुकलं असेल तर कळवा.
आमच्याकडे तळ्यावरच्या बर्फाला जे शब्द आहेत
ते तुमच्या कोशात सापडले नाहीत.
पाठवते आहे.'
खाली यादी. त्रेचाळीस शब्द.
पाय पेलणारा बर्फ, न पेलणारा,
रात्री ओरडणारा,
कडेनं सुटलेला आणि मधे तग धरलेला.

रिमविदास यादी घेऊन खोलीभर फिरला.
मी अकरा गुणिले वीस केले,
दोन लितास वीस, बुडाले.
दिल्यानं वाढतं म्हणतात ते ज्ञान.
पाकिटं दिल्यानं संपतात.
हे मी बोलले नाही. अळंब्या भिजत घातल्या.

तो झोपल्यावर ते त्रेचाळीस शब्द मीच टाइप केले.
त्याला आताशा रात्री दिसत नाही नीट.
एकेक शब्द आधी मोठ्यानं म्हणून पाहिला,
काही मला माहीत होते,
आई वापरायची, मी विसरले होते.

मग वही उघडली.
जमेला लिहू की खर्चाला, कळेना.
तारीख तेवढी घातली.
कोरी तबकडी लावली, सहा मिनिटं झाली असतील,
दिवा मिचमिचला.
इतक्या रात्री कपडे धुतं का कुणी?